चिलिकासाठी एकच दिवस असेल तर: सातपाडा की मंगलाजोडी?

जगन्नाथपुरीला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींकडे ओडिशातल्या चिलिका सरोवरासाठी बहुधा एकच दिवस उरतो. मी दोन वेगवेगळ्या हिवाळ्यांत दोन्ही टोकं पाहिली, म्हणून हे लिहितोय.

सातपाडा सोयीचं, यात वाद नाही. पुरीहून साधारण ५० किलोमीटर. सकाळी निघून संध्याकाळी दर्शनाला परत. इथलं आकर्षण म्हणजे इरावती डॉल्फिन, बिनचोचीचा, गोल डोक्याचा. शिवाय सरोवर समुद्राला मिळतं तो भाग याच बाजूला. जुनं मुख गाळाने अडत गेलं, खारं पाणी आत येईना, मासळी घटली. सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख खोदलं आणि सरोवर सावरलं. रामसर या पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, धोक्यातल्या पाणथळांच्या यादीतून २००२ साली चिलिकाचं नाव निघालं. आपल्यासाठी आणखी एक धागा आहे. १७५१ पासून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८०३ मध्ये इंग्रजांची फौज गंजामहून पुरीवर आली ती चिलिका आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावरून. बोटीतून तो पट्टा दिसला तेव्हा मी बराच वेळ तिकडेच बघत होतो.

पण ते इंजिन! शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायलाही मला ओरडावं लागत होतं. एक करडी पाठ वर आली, की चार-पाच बोटी धडधडत तिकडे वळायच्या. श्वास घ्यायला वर येणाऱ्या जिवाला आपण घेरतोय, हे मला सहन होईना. तिसऱ्या वेळी मीच नावाड्याला म्हटलं, दादा, राहू दे, लांबच थांबू. आम्हाला गाठ पडली ती बोट तशी असेल, सगळ्या तशाच असतात असं मी म्हणणार नाही. तरी परतल्यावर रात्रीपर्यंत कानात तीच धडधड होती.

मंगलाजोडी उत्तरेकडे, टांगीजवळ. भुवनेश्वरहून जाणं सोपं. इथे इंजिन नाही. नावाडी मागे उभा राहून लांब बांबूने नाव रेटतो, बांबू चिखलातून निघताना होतो तेवढाच आवाज. लव्हाळ्यात एक जांभळी पाणकोंबडी होती, आमच्यापासून दहा हातांवर. तिने देठ उपटला, पायाच्या बोटांत आपण ऊस धरतो तसा धरला आणि सोलून खाल्ला. आमच्याकडे लक्षही नव्हतं तिचं. पलीकडे शेकाटे, चक्रवाक, तलवार बदकं.

हे गाव एकेकाळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी ओळखलं जायचं. वन्यजीव संरक्षणाचं काम करणाऱ्या नंदकिशोर भुजबळ यांनी गावकऱ्यांशी वर्षानुवर्षं बोलून त्यांना त्यातून बाहेर काढलं. २००० साली गावाची पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली. आमच्या नावाड्याचे काका पूर्वी पक्षी मारून विकायचे, असं त्यानेच सांगितलं. तो नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखून दाखवत होता. ती जाण घरातूनच आलेली असणार.

गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर सातपाडाच बरं पडेल. मंगलाजोडीच्या नावेत खाली बसावं लागतं. उन्हाळ्यातही सातपाड्यालाच जा, कारण मंगलाजोडीचे पाहुणे पक्षी तोवर परतलेले असतात. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येणार असाल, तर पुरीतली एक रात्र कमी करून मंगलाजोडीत मुक्काम करा आणि उजाडायच्या आत नावेत बसा. दुर्बीण घरून न्या.