दुसरी पदवी नर्सिंगची: अमेरिकेतील तीन मार्गांचा तुलनात्मक आढावा

एखाद्या वेगळ्याच विषयाची पदवी हातात असलेल्या आणि आता अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स होऊ पाहणाऱ्या व्यक्तीपुढे प्रामुख्याने तीन मार्ग असतात. पहिला अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनचा, म्हणजे नर्सिंगच्या पदवीच्या वेगवान अभ्यासक्रमाचा, दुसरा इतर शाखांच्या पदवीधरांना थेट प्रवेश देणाऱ्या एमएसएनचा, म्हणजे नर्सिंगच्या पदव्युत्तर पदवीचा, आणि तिसरा कम्युनिटी कॉलेजातील (स्थानिक, कमी शुल्काच्या महाविद्यालयातील) दोन वर्षांच्या असोसिएट पदवीचा, म्हणजे एडीएनचा. तिन्हींच्या शेवटी द्यावी लागणारी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा एकच आहे आणि ती उत्तीर्ण झाल्यावर मिळणारा परवानाही एकच आहे. म्हणूनच निवड करताना माझ्या मते दोनच गोष्टी आधी मोजाव्यात: आजपासून परवाना हाती पडेपर्यंत एकूण किती काळ जाणार आणि तोवर डोक्यावर किती कर्ज होणार. माहितीपत्रकावर ठळकपणे छापलेल्या महिन्यांच्या आकड्यातून यांपैकी काहीच नीट कळत नाही.

अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनची सुरुवात सेंट लुइस विद्यापीठाने १९७१ मध्ये केली. आज असे बहुतेक अभ्यासक्रम ११ ते १८ महिन्यांत पूर्ण होतात. मात्र हा काळ पूर्वअट असलेले विषय झाल्यानंतर सुरू होतो. प्रयोगशाळेसह अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या दोन सत्रांबरोबरच मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, पोषणशास्त्र आणि मानवी वाढ व विकास असे विषय बहुतेक ठिकाणी लागतात. विज्ञानाचे विषय गेल्या पाच किंवा सात वर्षांतीलच असावेत अशी अटही अनेक महाविद्यालये घालतात. अ‍ॅनाटॉमीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही आणि मायक्रोबायोलॉजीपूर्वी बहुधा जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र मागितले जाते. त्यामुळे वाणिज्य किंवा संगणकशास्त्राच्या पदवीधराने नोकरी सांभाळून हे विषय घेतले, तर केवळ तयारीतच तीन-चार सत्रे जातात आणि पुढे अर्ज, निर्णय व वर्ग सुरू होण्याची वाट पाहण्याचा काळ असतोच. पंधरा महिन्यांचा म्हणून निवडलेला मार्ग अशा व्यक्तीसाठी जवळजवळ तीन वर्षांचा ठरतो. जीवशास्त्राच्या पदवीधराचे बरेचसे विषय आधीच झालेले असल्याने हा मार्ग त्याच्यासाठी खरोखरच वेगवान आहे.

एडीएनचा मुख्य अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि त्यालाही अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी व मायक्रोबायोलॉजी लागतेच. तरीही या मार्गाला दुय्यम समजण्याची जी सवय पडली आहे, ती मला अन्यायकारक वाटते. शुल्क कितीतरी कमी असते, काही ठिकाणी वर्ग संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी भरतात आणि परवाना मिळाल्यावर पगार घेत ऑनलाइन बीएसएन पूर्ण करता येते. पुष्कळ रुग्णालये त्यासाठी आर्थिक मदत देतात आणि नियोक्त्याकडून मिळणारी अशी शैक्षणिक मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते. अडचणीही आहेत. मोठी शिक्षण रुग्णालये नवख्या नर्सची भरती करताना बीएसएनला प्राधान्य देतात. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ मध्ये कायदा करून तेथील नव्या नर्सना दहा वर्षांच्या आत बीएसएन मिळवणे बंधनकारक केले. शिवाय येथील प्रवेश सोपा असतो, असेही कोणी समजू नये. कुठे गुणांकन असते, कुठे सोडत काढतात, तर कुठे प्रतीक्षायादी लांबलचक असते.

थेट प्रवेशाच्या एमएसएनबाबत सर्वाधिक गैरसमज आढळतो. कोलंबिया विद्यापीठाचा असा अभ्यासक्रम १५ महिन्यांचा आहे, परंतु त्यातून बाहेर पडणारी व्यक्ती पदव्युत्तर पदवी असलेली रजिस्टर्ड नर्स असते, नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून औषधे लिहून देणारी उच्चप्रशिक्षित नर्स) नव्हे. येलचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम वेगळा आहे. त्यात पहिल्या वर्षी पायाभूत नर्सिंग आणि पुढील दोन वर्षे विशेष शाखा असते, आणि शेवटी नर्स प्रॅक्टिशनर किंवा नर्स-मिडवाइफ होता येते. वॉर्डात पहिल्या दिवशी रुजू होणाऱ्या नर्सला केवळ एमएसएन आहे म्हणून सहसा वेगळे काम मिळत नाही आणि पगारातही फारसा फरक पडत नाही. त्यामुळे पुढे नेमके काय व्हायचे हे ठरलेले नसेल, तर या पदवीसाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशांचा विचार येथेच करायला हवा. एकदा पदवी मिळालेल्या विद्यार्थ्याला पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करावी लागणारी संघीय मदत) मिळत नाही. स्वावलंबी गणल्या जाणाऱ्या पदवी विद्यार्थ्याला आयुष्यभरात मिळू शकणाऱ्या संघीय कर्जाची कमाल मर्यादा ५७,५०० डॉलर आहे आणि पहिल्या पदवीसाठी घेतलेले कर्ज त्यातून वजा होते. पदव्युत्तर शिक्षणाचा उरलेला खर्च भागवणारे ग्रॅड प्लस कर्ज २०२५ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केले गेले, त्यामुळे महागडे एमएसएन पूर्वीपेक्षा अधिक जोखमीचे झाले आहे. नर्स कॉर्प्स ही संघीय शिष्यवृत्ती शुल्क भरते व निर्वाहभत्ता देते आणि त्या बदल्यात नर्सची टंचाई असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षे सेवा मागते. नागरिक व ग्रीनकार्डधारक तिला पात्र असतात. एच-४ (एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असलेल्यांना ती मिळत नाही आणि संघीय कर्जेही मिळत नाहीत. शिवाय सर्वसाधारण नर्सच्या नोकरीसाठी एच-१बी मिळणे अवघड असल्याने, अशा वाचकांनी प्रवेशाच्या आधी अमेरिकेत नोकरी करण्याच्या परवानगीचा, म्हणजे व्हिसाचा, प्रश्न सोडवावा.

अ‍ॅक्सिलरेटेड मार्ग ठरलाच, तर महाविद्यालयांची तुलना क्रमवारीवरून न करता ती गुण कसे मोजतात यावरून करावी. काही ठिकाणी संपूर्ण पदवीचा जीपीए (सरासरी गुणांक) पाहतात, काही ठिकाणी शेवटच्या ६० क्रेडिटचा, तर काही ठिकाणी मुख्य भार पूर्वअट विषयांवर असतो. दहा वर्षांपूर्वीच्या पदवीत गुण बेताचे असतील आणि आता विज्ञानात उत्तम मिळत असतील, तर शेवटच्या प्रकारचे महाविद्यालय शोधावे. पुन्हा दिलेल्या विषयाचे नियमही वेगवेगळे असतात. एके ठिकाणी ‘सी’च्या जागी नंतरचा ‘ए’ धरतात, तर दुसरीकडे दोन्हींची सरासरी काढतात. अनेक महाविद्यालयांचे अर्ज ज्या नर्सिंगकॅस या केंद्रीय यंत्रणेतून जातात, तिच्या जीपीएत सगळे प्रयत्न मोजले जातात. पहिली पदवी भारतातील असल्यास डब्ल्यूईएस किंवा ईसीईसारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन लागते. तीन वर्षांच्या पदवीला अमेरिकी पदवीची समकक्षता मिळेल की नाही हे मूल्यांकन संस्था व महाविद्यालय यांवर अवलंबून असल्याने विषयांवर पैसे खर्च करण्यापूर्वीच ते विचारून घ्यावे.

प्रवेश परीक्षेत टीईएएस आणि हेसी ए-टू यांपैकी एक बहुधा लागते. टीईएएसमध्ये २०९ मिनिटांत १७० प्रश्न असतात. तिच्या विज्ञान विभागात गुण धरल्या जाणाऱ्या ४४ प्रश्नांपैकी १८ अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे असतात, म्हणून त्या विषयाचा दुसरा भाग संपताच, वाचलेले ताजे असताना ही परीक्षा द्यावी.

अर्जासोबत लिहायच्या निबंधाबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण चांगले गुण असलेले अर्ज येथेच फिके पडलेले मी पाहिले आहेत. ‘मला लोकांची सेवा करायची आहे’ हे वाक्य प्रत्येकजण लिहितो आणि त्यातून नर्सचे काम आपल्याला माहीत आहे हे सिद्ध होत नाही. सीएनएचे (रुग्णांच्या दैनंदिन देखभालीत नर्सला मदत करणाऱ्या सहायकाचे) प्रशिक्षण, ज्यासाठी संघीय नियमानुसार किमान ७५ तास लागतात, येथे फार उपयोगी पडते. अंथरुणाला खिळलेल्या आजींना कुशीवर वळवताना माकडहाडाजवळ लालसर डाग दिसला, बोटाने दाबल्यावर तो पांढरा पडला नाही (हे शय्याव्रणाच्या सुरुवातीचे लक्षण असू शकते), म्हणून लगेच नर्सला बोलावले, एवढे जरी लिहिले तरी निरीक्षण, जबाबदारी आणि आपल्या मर्यादेची जाणीव या तिन्ही गोष्टी समितीला दिसतात.

दोन ठिकाणांहून होकार आल्यास सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आणि राज्य नर्सिंग मंडळाने प्रसिद्ध केलेले एनक्लेक्सचे पहिल्या प्रयत्नातील उत्तीर्णांचे प्रमाण तपासावे. त्याबरोबरच प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण वेळेत बाहेर पडले हेही विचारावे, कारण कच्चे विद्यार्थी मध्येच गळाले तरी उत्तीर्णांचे प्रमाण उंच दिसते. रुग्णालयातील प्रात्यक्षिकांची जागा महाविद्यालय मिळवून देते की विद्यार्थ्याने शोधायची असते, हे माहितीपत्रकात अनेकदा स्पष्ट नसते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न नापास होण्याच्या नियमाचा आहे. ज्या ठिकाणी तुकडी वर्षातून एकदाच सुरू होते, तेथे फार्माकॉलॉजीसारखा एक विषय राहिला की पूर्ण वर्ष थांबावे लागू शकते, आणि दोन विषय राहिल्यास अनेक ठिकाणी प्रवेशच रद्द होतो. हा नियम अनामत रक्कम भरण्यापूर्वी लेखी मागून घ्यावा.