ओव्हरहॉलिंगचं बिल नवं, पंपातलं सामान जुनंच

पंप उघडण्याचं काम मी पंधरा वर्षं करतोय, आणि तरीही फसलो. कसा, ते सविस्तर लिहितो. पंप बाहेर पाठवणाऱ्यांनी वाचावं.

सेंट्रिफ्युगल पंप होता (फिरत्या चाकाने पाणी फेकणारा), एका टप्प्याचा, मेकॅनिकल सीलवाला, म्हणजे दोन गुळगुळीत तोंडं एकमेकांवर टेकून शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारा. प्रेशर हळूहळू उतरत होतं आणि बेअरिंगचा आवाज बदलला होता. शटडाऊनमध्ये आमची माणसं दुसऱ्या कामात अडकलेली, म्हणून आख्खा पंप बेसवरून उतरवून बाहेरच्या ठेकेदाराकडे पाठवला. माझी पहिली चूक हीच: काय काय झिजलंय ते स्वतः उघडून न बघता पंप गेटबाहेर जाऊ दिला.

दोन दिवसांनी त्याने वर्कशॉपवर बोलावलं. टेबलावर पंप सुटा करून ठेवलेला. शेजारी ६३१० नंबरच्या दोन बेअरिंगची नवी, सीलबंद खोकी आणि कापडावर चकचकीत सील. एक झिजलेली रिंग हातात देऊन म्हणाला, "बघा साहेब, ही तुमची. पार गेलीय." मीही मान डोलावली. ती माझ्याच पंपाची कशावरून, हे विचारायचं सुचलं नाही. पंधरा वर्षांचा अनुभव त्या चकचकाटापुढे गप्प बसला.

पंप परत आला तो निळाशार रंगवून. सोबत छापील रिपोर्ट: दोन्ही वेअर रिंग (एक केसिंगमध्ये म्हणजे पंपाच्या कवचात, दुसरी इम्पेलरवर म्हणजे फिरत्या चाकावर, मध्ये बारीक फट), स्लीव्ह (शाफ्टवरची नळी), सील, दोन्ही बेअरिंग, गॅसकेट, सगळं बदललं. वेअर रिंगची फट ०.४० मिमी. साधारण १२० मिमी व्यासाच्या रिंगला नवेपणी एवढीच फट असते, म्हणून मी सही केली. जुनं सामान मागितलं, तर "स्क्रॅपमध्ये गेलं" म्हणाला.

पंप चालू केला, तर प्रेशर होतं तिथेच. फोन केला. "थोडं चालू द्या, सेट होईल." अहो, सेट व्हायला ती काय शिलाई मशीन आहे? फट बरोबर असेल तर प्रेशर पहिल्याच दिवशी दिसतं. फट जास्त असली की डिस्चार्जचं पाणी आतल्या आत सक्शनकडे फिरत राहतं, आणि ते चार दिवसांनी कमी होत नाही. दहाव्या दिवशी सीलमधून थेंब पडायला लागले. त्यावर म्हणाला, "थोडं गळणारच, ग्लँड आहे." ग्लँड पॅकिंग, म्हणजे शाफ्टभोवती दाबून भरलेली दोरी, असेल तर थेंब थेंब गळू द्यावंच लागतं, नाहीतर स्लीव्ह जळते. पण आमच्याकडे पॅकिंग नव्हतंच, मेकॅनिकल सील होतं. हा शब्द ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा खरा संशय आला.

तिसऱ्या आठवड्यात आवाज वाढला आणि पंप आम्हीच उघडायला घेतला. मोटरचा सप्लाय तोडून कुलूप लावलं, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, ड्रेन उघडून पाणी काढलं. मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचा मधला तुकडा, स्पेसर, काढल्यावर जॅक बोल्ट समान आवळत रोटरचा भाग मागे ओढून घेतला. केसिंग लाइनवरच राहिली. माझा हेल्पर बॅटरी घेऊन आत डोकावला आणि म्हणाला, "साहेब, हे दोन ठिपके तुमचेच ना?"

माझेच होते. मागच्या वेळी केसिंगची रिंग बसवताना मी तिच्या तोंडावर सेंटर पंचने दोन ठिपके मारले होते, जवळजवळ, एक जरा तिरका. पंच घसरला होता तेव्हा. तो तिरका ठिपका तिथेच, त्याच जागी. मी खाली बसलो आणि हसलो, खरंच.

मग मोजलं. रिंगचा आतला व्यास १२०.३८, इम्पेलरच्या रिंगचा बाहेरचा ११९.५८. फरक ०.८०, म्हणजे नव्या फटीच्या दुप्पट. इतकी झिजली की रिंग बदलायचीच. मग रिपोर्टातले ०.४० आले कुठून? फिलर गेज एका बाजूने घातली की निम्मीच फट दिसते. ती त्रिज्येवरची फट. रिपोर्टात तीच व्यासावरची म्हणून लिहिली. आकडा खोटा नव्हता हो, त्याचं नाव खोटं होतं. ही हुशारी मला सगळ्यात जास्त लागली, कारण रिपोर्टात फट त्रिज्येवरची की व्यासावरची, हे विचारणं माझं काम होतं.

बेअरिंगचं तर विचारूच नका. ग्रीस ताजं, पण पुसल्यावर बाहेरच्या रिंगवर तपकिरी गंजाचा पट्टा, हाउसिंगमध्ये घासल्याचा. तीन आठवड्यांत तो येत नाही. जुनीच धुऊन बसवली होती, तीसुद्धा बाहेरच्या रिंगला पुलर लावून काढलेली दिसली. तसं ओढलं की सगळा जोर गोळ्यांवरून जातो आणि गोळ्या फिरतात त्या खाचेत खड्डे पडतात. हाताने फिरवलं तर बोटांना खरखर जाणवत होती. म्हणजे पंप उघडण्याआधी बेअरिंग जेवढं खराब होतं, त्याहून जास्त खराब करून दिलं. खोकी फक्त दाखवायला होती.

सीलची तोंडं घासून पॉलिश केलेली, पण ओ-रिंग दाबून चपटी आणि कडक झालेली. नखाने दाबली तर खूण उठत नव्हती. स्लीव्हवर त्या ओ-रिंगने पाडलेली चर पॉलिश पेपरने लपवली होती. नख फिरवलं की अडत होतं. सगळ्या पंपात नवं काय, तर गॅसकेट आणि रंग.

आता पंप बाहेर जायच्या आधी आम्ही स्वतः उघडतो, दोन्ही व्यास मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहितो, आणि रिंग, स्लीव्ह, बेअरिंगच्या कडेवर इलेक्ट्रिक पेनने तारीख कोरतो. जुनं सामान पोत्यात घालून परत आल्याशिवाय सही नाही. नवं बेअरिंग आमच्या माणसासमोर खोक्यातून निघतं आणि हीटरवर साधारण ११० अंशांपर्यंत तापवून बसतं.

फोटो आणि मापं दाखवल्यावर ठेकेदाराने सुट्या भागांचे पैसे बिलातून वजा केले. मजुरीचे मात्र सोडले नाहीत. म्हणाला, "साहेब, उघडला तर होताच ना पंप!"