अभ्यासाच्या उन्हाळ्यात ‘ग्रंथ तुमच्या दारी’

जूनच्या नेट परीक्षेला, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेला, बसणाऱ्याने मे महिन्यात गोष्टीची पुस्तके हातात धरावीत की नाही, यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. धरावीत, असे माझे मत आहे. मात्र ती कुठून आणि किती मिळतात यावर बरेच अवलंबून असते. त्या दृष्टीने कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेची पेटी मला नाशिकमधल्या इतर सोयींपेक्षा अधिक उपयोगी वाटली.

विनायक रानडे यांच्या कल्पनेतून २००९ साली सुरू झालेल्या या योजनेत देणगीदारांच्या मदतीतून १०० पुस्तकांची एक पेटी तयार होते, ती वाचकांच्या एखाद्या गटाकडे विनामूल्य सोपवली जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. नाशिकहून निघालेल्या या पेट्या पुढे दुबईपर्यंत पोहोचल्या. आमच्या सोसायटीची पेटी पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे असते. संध्याकाळी जावे, पुस्तक निवडावे आणि वहीला सुतळीने बांधलेल्या पेनाने नोंद करावी, एवढाच कारभार. जाडजूड कादंबरी उचलली की काकू “पेपर कधी आहे रे तुझा?” असे विचारतात, ही सेवा मात्र योजनेत नमूद नाही.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने पेटीचा मोठा गुण म्हणजे तिची मर्यादा. शंभरच पुस्तके असल्यामुळे निवड चटकन होते, आणि आमच्या गटात एका वेळी एकच पुस्तक देत असल्यामुळे उशाशी चळत साठत नाही. त्यातही कथासंग्रह, ललितलेख किंवा प्रवासवर्णन घ्यावे. दुपारी स्लॅब तापलेला असताना डोक्यात काही शिरत नाही, तेव्हा एखादी कथा अर्ध्या तासात वाचून होते. कादंबरी मात्र रात्री जागवते आणि पहाटेचे थंड तास बुडवते. नेटचे दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न सलग तीन तासांत सोडवायचे असल्याने तेवढा वेळ एकाग्र बसण्याचा सराव त्याच तासांत करावा लागतो. इतिहास विषय असणाऱ्यांनी ऐतिहासिक कादंबरी ‘अभ्यासाचीच आहे’ म्हणून घेण्याचा मोह टाळावा, कारण तिच्यातले प्रसंग पुढे अस्सल साधनांत वाचल्यासारखे वाटू लागतात.

संदर्भग्रंथांसाठी पेटी नाही. त्यासाठी १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले ‘सावाना’, गाठावे. खासगी अभ्यासिकांचा पर्याय आहेच; परंतु मी जात होतो त्या अभ्यासिकेत अवांतर पुस्तक बाहेर ठेवायला लावत आणि मोबाइल मात्र खुशाल आत नेऊ देत, त्यामुळे शेजारच्या खुर्चीवर दिवसभर रील चालत.

पेटी बदलण्याची तारीख परीक्षेच्या आसपास येणार असेल, तर हातातले पुस्तक आधीच परत करावे. एका पुस्तकासाठी अख्खी पेटी अडून राहते आणि काकू जिन्यात गाठतात.