आठ महिने, चार अल्बम आणि मांडीवर ऊकुलेले

जूनपासून जानेवारीपर्यंत, रोज रात्री जेवणं आटोपली की साधारण पाऊण तास. हेडफोन एकाच कानात, दुसरा कान मोकळा, कारण आपण काय दिवे लावतोय तेही ऐकू आलं पाहिजे. आमचं रविवारचं ऊकुलेले वाजवणारं टोळकं सहा जणांचं. ऊकुलेले म्हणजे हवाईचं गिटारसारखं, पण छोटं, चार तारांचं वाद्य. त्यातले दोघं गिटारवरून आलेले, एकजण चक्क पेटीवरून. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही ठरवलं की व्हिडिओवरचे धडे आता पुरे, हवाईच्या वादकांचे नवे अल्बम लावायचे आणि त्यांच्याबरोबर वाजवायचं. यादी मी काढली, त्यामुळे बोलणीही मीच खाल्ली. आता आठ महिने झालेत, तेव्हा हिशेब मांडायला हरकत नाही.

‘नवे’ म्हणजे इथे गेल्या पंधरा-सोळा वर्षांतले. हे वाद्य हवाईत आलं तेच मुळी मदेइरा बेटावरच्या स्थलांतरितांबरोबर, १८७९ साली ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून. त्या मानाने २०१० म्हणजे कालचीच गोष्ट. आणि हो, तिकडे ‘यूकुलेले’ म्हणत नाहीत, ‘ऊकुलेले’ म्हणतात. मीही चार वर्षं चुकीचंच म्हणत होतो.

सुरुवात डॅनियल हो यांच्या ‘पोलानी’पासून केली, आणि नव्या माणसाला मी आजही तोच आधी लावायला सांगेन. २०१० चा अल्बम, नुसता ऊकुलेले. ताल नाही, गाणं नाही, मागे गिटार नाही. ग्रॅमीच्या हवाईयन संगीत विभागात त्याला नामांकन होतं. पुरस्कार मिळाला गायिका टिया कॅरेरे यांच्या ‘हुआना के अलोहा’ला, आणि त्याचे निर्माते कोण, तर हेच डॅनियल हो! त्यानंतर तो विभागच बंद झाला.

सोबतीला दुसरं वाद्य नसल्यामुळे प्रत्येक तार सुटी ऐकू येते, लपायला जागा नाही. तशी ती आपल्यालाही राहत नाही. मी त्यातला दहा-बारा सेकंदांचा एक तुकडा घेतला, वेग पंचाहत्तर टक्क्यांवर आणला आणि पंधरा दिवस तेवढाच घोटला. सूर सगळे बरोबर, तरी ऐकायला काहीतरी तुटक. शेवटी स्वतःचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करून दोन्ही पाठोपाठ ऐकलं, तेव्हा उलगडा झाला. माझ्याकडे प्रत्येक सुरानंतर एक छोटा खड्डा होता. ऊकुलेलेचा सूर आधीच अल्पायुषी, त्यात मी पुढच्या सुराच्या घाईत मागचं बोट उचलत होतो. पुढचा सूर वाजेपर्यंत आधीचं बोट दाबून ठेवायचं, एवढीच दुरुस्ती. कोणत्याही धड्यात ती सांगितली नसेल असं नाही, पण कानाला ती इथे कळली.

याच दिवसांत एक घोटाळा झाला. आपल्या सरगमेत सांगायचं तर पाश्चात्त्यांचा सी हा सूर सा धरला की ऊकुलेलेच्या चार मोकळ्या तारा प, सा, ग, ध अशा लागतात. गंमत पहिल्या प ची. हनुवटीकडची तार सगळ्यात खर्जाची असेल असं वाटतं, पण नेहमीच्या जुळवणीत तो प मधल्या सप्तकातलाच असतो, म्हणजे ग आणि ध यांच्या मधला. सतारीच्या चिकारीसारखा तो वरून खणखणतो. काहीजण मात्र तिथे मंद्रातल्या प ची जाड तार लावतात. मी मागवल्या होत्या साध्या तारा, दुकानदाराने पाठवल्या मंद्रवाल्या, आणि मी पाकीट न वाचता चढवल्या. आठवडाभर वाटत राहिलं की वाद्याला सर्दी झालीय. पावसात लाकूड फुगतं म्हणून मी हवेलाही दोष देऊन मोकळा झालो. पेटीवाल्या काकांनी एक तार छेडली आणि म्हणाले, “हा प खालचा आहे हो, तुम्ही पट्टीच बदललीत की काय?”

आता ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो तो अल्बम, ऊकुलेलेवादक जेक शिमाबुकुरो यांचा ‘जेक अँड फ्रेंड्स’, २०२१ चा. जेक म्हटलं की लोकांना आठवतो तो विजेच्या वेगाने चालणारा हात, २००६ च्या सुमारास एका व्हिडिओमुळे जगभर पोचलेला. इथे तो हात आवरलेला आहे. पाहुण्या गायकांत बेट मिडलर आहेत, ज्यांचा जन्मच हवाईतल्या होनोलुलूचा, तिथल्याच ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर वाढलेला जॅक जॉन्सन आहे, झिगी मार्ली आहे. पण मी अडकलो अमेरिकन गायक विली नेल्सन यांच्या ‘स्टारडस्ट’वर. नेल्सन लयीच्या जरा मागे राहून गातात. आता सम चुकली म्हणेपर्यंत हा म्हातारा नेमका पोचलेला असतो. अशा गायकाची साथ म्हणजे परीक्षाच. जेक गाण्याच्या ओळीखाली जवळजवळ नाहीसा होतो आणि श्वासासाठी जागा सुटली की तेवढीच भरतो.

मी पहिल्या रविवारी टोळक्यासमोर हे गाणं लावून सोबत वाजवलं. मोठ्या उत्साहात, प्रत्येक मात्रेवर स्ट्रम, म्हणजे साऱ्या तारांवरून एकदम हात. अर्ध्यावरच एकजण ओरडला, “अरे, विलीला गाऊ दे की!” मग मी वजाबाकी सुरू केली. आधी चार मात्रांत चार स्ट्रम होते, त्यांचे दोन केले. मग एक. मग कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, बदलेल तिथेच फक्त. डिसेंबरात भाचीच्या साखरपुड्याला बहीण गायली आणि मी साथ केली. गाणं अर्थातच मराठी होतं. बहीण नंतर म्हणाली, “या वेळी तू मधेमधे आला नाहीस.” आमच्या घरात याहून मोठी दाद मिळत नाही.

ऊकुलेलेवादक टायमाने यांचा २०१८ चा ‘एलिमेंटल’ उजव्या हातासाठी घ्या. होनोलुलूच्या वायकिकीत गायक डॉन हो यांच्या कार्यक्रमात त्या किशोरवयातच वाजवायला लागल्या. अल्बमचं नाव महाभूतांवरून आहे, वाजवण्यात स्पेनच्या फ्लेमेन्को संगीताची झाक आहे. त्यांच्या वाद्याला पाच तारा असतात, वरचा आणि खालचा असे दोन्ही प एकत्र, त्यामुळे चार तारांवर हुबेहूब नक्कल होणार नाही हे आधीच मनाशी ठरवा. मी तो बोटं फिरवत झाडण्याचा प्रकार करायला गेलो आणि अंगठ्याचं नख अर्धं गेलं. दोन आठवडे विश्रांती. तरी मनगट सैल झालं ते याच अल्बममुळे.

२०२४ चा ‘ब्लूज एक्सपिरियन्स’ मात्र शिकणाऱ्यांना नका देऊ. जेक आणि फ्लीटवूड मॅक या रॉक बँडचे ढोलवादक मिक फ्लीटवूड, जोडी जबरदस्त. फ्लीटवूड हवाईच्याच माऊई बेटावर राहणारे, तिथल्या लाहाइना गावातलं त्यांचं रेस्टॉरंट २०२३ च्या आगीत गेलं. ऐकायला मजा येते, लोकलमध्ये तर फारच. पण ऊकुलेलेला इलेक्ट्रिक गिटारचे कपडे चढवले आहेत, त्यात आपलं चार तारांचं लाकूड कुठे शोधायचं? माझ्या गिटारवाल्या मित्रांना नेमका हाच सर्वांत आवडला. रविवारी भांडण ठरलेलं.

सध्या मी उलटा प्रवास करतोय. जुन्या पिढीतले वादक एडी कामाए यांचा १९६२ चा ‘हार्ट ऑफ द ऊकुलेले’ लावलाय. हवाईचे नामांकित ऊकुलेलेवादक ओहता-सान लहानपणी शिकले ते यांच्याकडेच. तीन रात्री झाल्या, वाद्य मांडीवर आहे आणि मी अजून एकही तार छेडलेली नाही.