‘६०४०’ म्हणून विकलेलं सीएनसी राऊटर : आगाऊ रक्कम भरण्याआधी वाचा

मशीन घरी आलं, चालू झालं, त्यावर एक पाटीही कोरून झाली. म्हणूनच आपल्याला गंडवलंय हे लक्षात यायला वेळ लागला. पैसे घेऊन फोन बंद करणारे भामटे सगळ्यांना माहीत आहेत, त्यांच्याबद्दल हे नाही. या प्रकारात पार्सल येतं, विक्रेता फोन उचलतो, प्रत्येक वाक्यात दोनदा ‘सर’ म्हणतो, आणि तरी जे विकत घेतलं ते आलेलं नसतं. सुतारकामाचा छंद आहे आणि पहिलं स्वस्त सीएनसी राऊटर (संगणकाच्या आदेशाने लाकूड कोरणारं-कापणारं मशीन) घ्यायचंय, अशांसाठी सगळं तपशिलात लिहितोय. विक्रेत्याचं नाव देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगासमोर आहे.

माझी गरज साधी होती. सागवानी फळीवर दाराच्या पाट्या, देवघराची जाळी, जमलंच तर सागात शिसवाची जडावाची नक्षी. जागा म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी. या छंदात शिरणाऱ्याला पहिल्यांदा दिसतं ते ३०१८, म्हणजे ३०० बाय १८० मिलिमीटरचं छोटं मशीन. त्यावरची ‘७७५’ नावाची छोटी मोटर कोरीवकामापुरती ठीक असते. १८ मिमी प्लाय कापायला तिला दिवस लागेल. त्याच्या वरची पायरी ६०४०, म्हणजे ६०० बाय ४००. मला ती हवी होती. ठिकठिकाणी चौकशी केली तर भाव सव्वा लाखाच्या पुढेच निघत होते.

अशात मोबाईलवर एक रील आली. परराज्यातला कारखाना, कटर ज्यांवरून सरकतो ते जाड चौकोनी लिनिअर रेल, त्याला सरकवणारा चकचकीत बॉल स्क्रू (याचा नट छऱ्यांवर चालतो, म्हणून ढिलाई नगण्य), दीड किलोवॅटचा स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, आणि शिसवाच्या फळीतून लोण्यासारखा फिरणारा कटर. किंमत ७८ हजार. स्वस्त का, याचं उत्तर तयार होतं : ‘सर, हम खुद बनाते हैं, बीच में डीलर नहीं.’ पटण्यासारखंच होतं, कारण असे प्रामाणिक छोटे कारखानदार खरोखर आहेत.

निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल निघण्याआधी. खातं फर्मचं नव्हे, एका व्यक्तीचं बचत खातं. फर्मचं चालू खातं म्हणे दुसऱ्या बँकेत हलवत होते. ‘हॅपी कस्टमर्स’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मला घेतलं. त्यात शे-दीडशे माणसं, पण लिहिण्याची मुभा फक्त ॲडमिनला. ग्राहकांचे म्हणून येणारे सगळे फोटो एकाच टेबलावरच्या मशीनचे वाटत होते. जुन्या ग्राहकाचा नंबर मागितला तर ‘प्रायव्हसी है सर’.

शहराबाहेरच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनवर खोकं आलं. भाडं ‘टू पे’. ते भरल्याशिवाय आणि बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) सही केल्याशिवाय खोक्याला हात लावू देत नाहीत. सोबतचं बिल बघितलं आणि पहिल्यांदा शंका आली. मालाचं वर्णन ‘मशीन पार्ट्स’, रक्कम ३८ हजार. फोन केला तर म्हणाला, टॅक्स वाचतो, तुमचाच फायदा. त्यातली खरी मेख अशी : एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५० हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल पाठवायचा तर ई-वे बिल काढावं लागतं. बिल कमी दाखवलं की ती नोंद टळते. आणि उद्या भांडण झालंच, तर कागदावर तुम्ही ७८ हजारांचं मशीन घेतलेलंच नसतं, ३८ हजारांचे सुटे भाग घेतलेले असतात.

घरी खोकं उघडलं. चौकोनी रेलऐवजी गोल गुळगुळीत दांडे, फक्त दोन टोकांना धरलेले. स्पिंडल मधोमध आणून अंगठ्याने दाबला की दांडा लवताना डोळ्यांना दिसायचा. बॉल स्क्रूच्या जागी पितळी नट असलेला ८ मिमीचा स्क्रू, थ्रीडी प्रिंटरमध्ये असतो तो. मी विचारलं तर म्हणाला, हा ‘मिनी बॉल स्क्रू’ आहे. असा कुठला प्रकार असेलही, असं नवख्याला वाटू शकतं. पण कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा सर्किट बोर्ड, खोटं बोलत नाही. त्यात जीआरबीएल नावाची फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच भरलेली आज्ञावली असते. तिला $$ असा आदेश दिला की सगळ्या सेटिंगची यादी स्क्रीनवर येते. त्यातल्या $१०० समोर एक मिलिमीटर सरकायला मोटर किती पावलं टाकते तो आकडा असतो. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं, मोटर हलवणाऱ्या माझ्या ड्रायव्हर सर्किटवर प्रत्येक पावलाचे १६ तुकडे, म्हणजे ३२००. अशा मशीनवर नेहमी दिसणारा १६०५ बॉल स्क्रू (१६ मिमी व्यास, फेऱ्याला ५ मिमी चाल) असता तर तिथे ६४० हवे होते. माझ्याकडे ४०० होते. म्हणजे फेऱ्याला ८ मिमी, थ्रीडी प्रिंटरवाला तोच स्वस्तातला स्क्रू.

स्पिंडलवर ‘१५०० डब्ल्यू’ असं ठळक स्टिकर. व्हर्निअर लावला, अंगाचा व्यास ५२ मिमी. हे माप ५०० वॅटच्या डीसी स्पिंडलचं. दीड किलोवॅटचा अंगाने बराच जाड असतो आणि त्याला व्हीएफडी लागतो, म्हणजे वेग बदलणारा वेगळा डबा, त्यातून स्पिंडलकडे तीन फेजच्या वायरी जातात. माझ्याकडे दोन वायरी आणि एक पॉवर सप्लाय, ज्याच्या बुडाशी लिहिलं होतं : ४८ व्होल्ट, १० ॲम्पिअर. गुणाकार करा, ४८० वॅट. सप्लायच ४८० वॅटचा असेल तर मोटर १५०० कुठून आणणार? स्टिकरपेक्षा सप्लायवरचं लेबल वाचा, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

मग माप. फ्रेमची बाहेरची लांबी-रुंदी अगदी ६०० बाय ४००. पण कटर फिरतो तेवढी जागा ४५० बाय २७० च्या आसपास. सेटिंगमध्ये मात्र $१३० आणि $१३१ ला (कटर जास्तीत जास्त किती सरकू शकतो ते आकडे) ६०० आणि ४०० टाकून ठेवलेले. त्या भरवशावर मोठी जाळी लावली, तेव्हा गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहून नेणारी आडवी चौकट, टोकाला धडकून कटकट करत राहिली. टोक आलं की मशीन थांबवणारे लिमिट स्विच नव्हतेच. डबीत नुसत्या त्यांच्या वायरी गुंडाळून ठेवल्या होत्या.

हे सगळं चालवून घेतलं असतं, पण जडावकामाने उरलीसुरली आशा घालवली. सागात ५० मिमीची गोल खाच, तिच्यात बसेल अशी शिसवाची चकती. चकती एका बाजूला अडायची, दुसऱ्या बाजूला फट. वर्तुळाला चारही दिशांना बारीक सपाट कडा. भोसरीतल्या मित्राकडून डायल गेज (बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं मापक) आणला, स्पिंडलला टेकवला आणि मशीन ०.१ मिमीच्या पावलांनी एकाच दिशेने सरकवत नेलं. काटा नीट चालत होता. दिशा उलटली आणि चार आदेश होईपर्यंत काटा हललाच नाही. नट आणि स्क्रूमधल्या ढिलाईत ०.४ मिमी गायब. पाटीवरच्या अक्षरांत हे लपतं, कारण डोळा तिथे माप घेत नाही. जडावकामात लपत नाही.

विक्रेत्याला व्हिडिओ पाठवले. उत्तर आलं : ‘वीडियोवाला प्रो मॉडल है सर, आपका स्टँडर्ड है. कोटेशन पढ़िए.’ वाचलं. ‘हेवी ड्युटी गाईड’, ‘हाय प्रिसिजन स्क्रू’, ‘साईझ ६०४०’, ‘स्पिंडल १५०० वॅट पीक’, आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘चित्र केवळ उदाहरणादाखल’. फोनवर बॉल स्क्रू हा शब्द त्याने कितीतरी वेळा उच्चारला होता, कागदावर एकदाही नाही. ही सारवासारव नंतर सुचलेली नव्हती, कोटेशनच तसं बेतलेलं होतं. स्वस्त मशीन म्हणजे फसवणूक, असं माझं म्हणणं नाही. पट्ट्यावर चालणारं, ॲल्युमिनियमच्या प्रोफाईलवर चाकांनी फिरणारं, स्पिंडलऐवजी लाकडाच्या कडा घडवायचा पाचशे-सातशे वॅटचा साधा ट्रिमर लावलेलं मशीनही नवशिक्याला उत्तम शिकवतं, फक्त विकणाऱ्याने ते तेच म्हणून विकावं. इथे एका वस्तूची किंमत घेऊन दुसरी दिली, आणि दोहोंतला फरक ओळखायला लागणारे शब्द नवख्याकडे नसतात हे धरूनच सगळा धंदा उभा होता.

पुढचा डाव तर याहून देखणा. आठवडाभर गोड बोलून झाल्यावर तो म्हणाला, तुम्ही चांगले माणूस आहात, प्रो मॉडेलचं अपग्रेड किट तुम्हाला फक्त २२ हजारांत देतो. म्हणजे जे आधीच विकलं होतं ते पुन्हा विकत घ्यायचं. परत करायचं तर भाडं माझं, शिवाय ‘रिस्टॉकिंग’ची २५ टक्के कपात, आणि मशीन त्याच्याकडे पोहोचून ‘तपासणी’ झाल्यावर पैसे. एकदा मशीन हातातून गेलं की पुरावाही गेला, म्हणून मी ते पाठवलं नाही.

‘४० हजारांचं सॉफ्टवेअर फ्री’ हेही जाहिरातीत होतं. पेन ड्राईव्हमध्ये निघाली आर्टकॅम या कोरीवकामाच्या डिझाईन सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत, वर ‘लाईफटाईम लायसन्स’ असं स्टिकर. आर्टकॅमची विक्री ऑटोडेस्कने २०१८ मध्येच थांबवली. शिवाय प्रत चालू करायला अँटिव्हायरस बंद करा अशी सूचना. ज्या संगणकावर नेटबँकिंग चालतं त्यावर असलं काही टाकू नका. डिझाईनसाठी इंकस्केप, फ्रीकॅड आणि मशीन चालवायला कॅन्डल किंवा यूजीएस, हे सगळं मुळातच फुकट आहे.

तक्रारीचं म्हणाल तर, सायबर पोलिसांनी ऐकून घेतलं आणि माल मिळाला आहे, मग हा दिवाणी वाद, असं सांगितलं. पैसे घेऊन समोरचा गायबच झाला असेल तर मात्र वेळ न दवडता १९३० ला फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. माझ्यासारख्या प्रकारात आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, तिथे विक्रेत्याने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या राज्यात खेटे घालावे लागत नाहीत. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, मुदत दोन वर्षं. एक गोष्ट इथे फार कामाला आली. ऑर्डरच्या वेळी तो मागे लागला होता की बिल कुणाच्या तरी धंद्याच्या नावाने घ्या, इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची धंद्याला मिळणारी वजावट) मिळेल. मी स्वतःच्याच नावाने घेतलं. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार एरवी या कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही; धंद्याच्या नावाचं बिल असतं तर त्याच्या वकिलाने पहिला आक्षेप तोच घेतला असता.

आता कुणी मला विचारलं की पहिलं मशीन कोणतं घेऊ, तर मी मॉडेल सांगत नाही, विक्रेत्याकडून काय लिहून घ्यायचं ते सांगतो. कटर प्रत्यक्ष फिरतो ती लांबी, रुंदी आणि उंची मिलिमीटरमध्ये. रेल गोल की चौकोनी, किती मिमीची, आणि गोल असेल तर खालून पूर्ण लांबीभर आधार आहे की नुसत्या टोकांना. स्क्रूचा व्यास आणि एका फेऱ्यातली चाल, तिन्ही अक्षांची वेगवेगळी. कारण ‘बॉल स्क्रू’ म्हणून फक्त उभ्या अक्षाला एक लावणारेही आहेत. स्पिंडलचा व्यास आणि त्याच्या सप्लायच्या लेबलचा फोटो. मग व्हिडिओ कॉल, रेकॉर्ड केलेला नको, आणि त्या कॉलवर डायल गेज लावून दिशा उलटून दाखवायला सांगा. खरा कारखानदार हे आनंदाने करतो. मी नंतर ज्यांना विचारलं त्यांतल्या एकाने तर गेज लावून वर स्वतःच सांगितलं, माझ्या मशीनमध्ये एवढी ढिलाई आहे, जडावकामाला हे घेऊ नका. अशा माणसाला दोन पैसे जास्त द्यावेत.

जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासणं दोन मिनिटांचं काम. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. तिथे दिसणारं नाव, कोटेशनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव ही तिन्ही जुळत नसतील तर पुढे बोलूच नका.

आयोगाच्या नोटिशीला त्याने उत्तर दिलंय. म्हणे मीच मशीन खोलून चांगले भाग काढून घेतले. बिल्टीचा नंबर दाखवून सील तोडण्यापासून सप्लायच्या लेबलपर्यंत एका दमात काढलेला, मधे कुठेही न थांबवलेला व्हिडिओ मी तक्रारीला जोडला आहे, आणि पूर्ण ७८ हजार गेल्याचं बँकेचं स्टेटमेंट. पुढची तारीख पडायची आहे. तोवर मशीनचा एकही बोल्ट हलवलेला नाही. २२ हजारांचं किट बसवलं असतं तर तेवढंही दाखवायला उरलं नसतं.