‘९’: ११ मिनिटांचा पाहावा की ७९ मिनिटांचा?

दिग्दर्शक शेन ॲकर यांचा अ‍ॅनिमेशनपट ‘९’ दोन रूपांत आहे: २००५चा लघुपट आणि २००९चा चित्रपट. दोन्हींत माणूस संपलाय. उरल्यात पाठीवर आकडा असलेल्या कापडी बाहुल्या.

फरक आहे तो स्पष्टीकरणाचा. लघुपटात एकही संवाद नाही. मांजराच्या कवटीचं यंत्र बाहुल्यांचा प्राण का ओढून घेतं, हे कुणी सांगत नाही. सगळा अभिनय भिंगाच्या डोळ्यांवरच्या झडपांचा, आणि भीती त्या शांततेतूनच येते. चित्रपटात बाहुल्या बोलतात. शास्त्रज्ञाने बनवलेला यंत्रमेंदू हुकूमशहाने युद्धाला कसा जुंपला, तेही कळतं. पण उत्तरं मिळतात तसं गूढ विरतं आणि उत्तरार्ध पाठलागांतच जातो. माझ्या मते हीच त्याची खरी कमजोरी.

दृश्यांत मात्र चित्रपट सरस. उद्ध्वस्त शहर, धूर, बाहुलीचं डोकं लावलेलं सापासारखं यंत्र! अमेरिकेत त्याला पीजी-१३ (तेराखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं मानांकन) मिळालंय, तेव्हा लहान मुलांना नकोच.

अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्याने आणि न सांगितलेलं आवडणाऱ्याने लघुपट घ्यावा. जग कसं बुडालं याची सलग गोष्ट आणि मोठ्या पडद्याचा थरार हवा असेल, तर चित्रपट.