गूगल फोटोज : भाड्याच्या जागेतील छायाचित्रे

गूगल फोटोज ही सेवा २०१५ मध्ये आली तेव्हा किंचित आकुंचित केलेली छायाचित्रे इंटरनेटवर फुकट कितीही साठवता येत होती. १ जून २०२१ पासून मात्र नवी छायाचित्रे जीमेल आणि ड्राइव्हसह फुकट मिळणाऱ्या सामाईक १५ जीबीत मोजली जाऊ लागली. सवय लागल्यावर भाडे सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही. तरीही शोधाची सोय अव्वल आहे. आजीच्या चेहऱ्यावर बोट ठेवताच तिची दहा वर्षांची छायाचित्रे ओळीने समोर येतात.

'जागा मोकळी करा' हा पर्याय मात्र जपून वापरावा; तो गूगलकडे साठवलेल्या छायाचित्रांच्या फोनमधील प्रती पुसतो. मी तो निर्धास्तपणे वापरला आणि गावच्या तलाठी कार्यालयात, जिथे नेटवर्कची जेमतेम एक दांडी येत होती, सातबाऱ्याचे छायाचित्र उघडू लागलो, तर धूसर चौकोनावर वर्तुळ फिरत राहिले. चूक माझीच होती. शिवाय, बॅकअप झालेले छायाचित्र या ॲपमधून पुसले की ते फोन आणि क्लाउड (गूगलकडील ऑनलाइन साठा) दोन्हीकडून जाते (कचरापेटीत ६० दिवस राहते, एवढाच दिलासा), त्यामुळे याला स्वतंत्र प्रत समजू नये.

सॅमसंगने २०२१ च्या गॅलेक्सी एस२१ मधून मेमरी कार्डाची खाच काढली, तर आयफोन १७ ची सुरुवातच २५६ जीबीपासून होते. म्हणजे फोनमधील जागा वाढते आहे, पण ती खरेदीच्या वेळीच ठरवावी लागते. माझ्या मते २५६ जीबीचा फोन घ्यावा, कागदपत्रे त्यातच ठेवावीत आणि गूगल फोटोज लग्नकार्यांच्या व्हिडिओंसाठी वापरावे.